पाणी न पिणारं लाकूड

केवळराम सुताराशी माझी ओळख भांडणातून झाली. १९५४ साली माझी बदली सावरटोल्याच्या शाळेत झाली. नागभीडला गाडीतून उतरायचं आणि तिथून आठ मैल धानाच्या बांध्यांमधून बंडीनं जायचं, असं ते गाव. शाळेत पोचलो तर फळ्याची तिपाई दोनच पायांवर, भिंतीचा आधार घेऊन उभी. मी केवळरामला निरोप धाडला, आजच्या आज या. तो उगवला चौथ्या दिवशी. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. तो अजून तिथेच आहे असं घरचे म्हणतात. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानं तिपाईचा मोडका पाय उचलला, हुंगला, जिभेचं टोक लावून पाहिलं आणि म्हणाला,

“सालई हाये, पोचट. गुरुजी, याचा पाय मोडला नाई, याले पाय नव्हताच.”

“आणि चार दिवस तुम्ही होता कुठे?”

“बीजाचं पक्कं लाकूड पाहून राह्यलो होतो. त्याच दिवशी आलो असतो त मी बी सालईच लावली असती.”

त्यानं बीजाचा पाय बसवला. पाच वर्षांनी मी ते गाव सोडलं तेव्हाही ती तिपाई जागची हलली नव्हती.

केवळराम पंचेचाळिशीचा, वाळक्या अंगाचा, एका कानावर पेन्सिल आणि दुसऱ्या कानावर अर्धी विडी असा माणूस होता. कुठलंही लाकूड दिसलं की हुंगायचं आणि चाटायचं ही त्याची खोड. लग्नाच्या पंगतीत त्याला पाट दिला तर बसण्याआधी तो पाट उलटा करून बघायचा. सगळं जग त्यानं लाकडांत वाटून टाकलं होतं. गावातल्या प्रत्येकाला त्यानं कुठलं ना कुठलं झाड ठरवून दिलेलं. पंचांचे मुखिया बापूजी म्हणजे साग, सरळ, देखणे, आणि स्वतःला तसं समजणारे. त्याची बायको गोकुळा म्हणजे तेंदू, वरून साधी आणि आत काळीभोर, कठीण. मी म्हणजे मोवई.

“मोवईच का?” मी विचारलं.

“ओली हाये तोवर चांगली. जरा ऊन लागलं का तडकते.”

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आपण त्याचंच म्हणणं खरं करून दाखवतोय, मग गेलो त्याच्या अंगणात. गोकुळा हसून म्हणाली, “गुरुजी, तुमी मनाले लावून घेऊ नोका. हे सगळ्याइले झाड म्हनते. हे सोता का हायेत, ते मले इचारा. भुसा.”

केवळरामचा खरा मित्र मात्र लाकडातला नव्हता, पाण्यातला होता. डोमा ढिवर. तो गावाचा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा. वय साठीच्या पुढे. छाती रुंद, बोलणं कमी, आणि कानात कायम कापसाचा बोळा.

तलावाची गोष्ट सांगितल्याशिवाय डोमाचं काम कळणार नाही. गावाच्या वरच्या अंगाला मालगुजाराच्या काळातला मोठा तलाव होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, पण पाणी सोडायची रीत आजोबा-पणजोबांचीच राहिली. पाळीच्या पोटात दगडी बांधकाम होतं, त्याला तुडूम म्हणत. तुडमाच्या तळाशी एक सपाट दगड, दगडात सहा बोटं रुंदीचं गोल भोक, आणि भोकात लाकडाचा दट्ट्या. दट्ट्या उपसला की पाणी पाळीखालून पाटात जाणार आणि पाटातून बांध्यांत. दट्ट्या बसवला की बंद.

उपसणं सोपं. दट्ट्याला बांधलेला दोर पाळीवरून चार जणांनी ओढला की काम झालं. बसवणं अवघड, कारण भोक दोन पुरुष पाण्याखाली आणि दट्ट्या लाकडाचा. तो तरंगणार. बांबूनं ढकलून पाहिला तर बांबू वाकायचा आणि दट्ट्या सुटून वर यायचा. म्हणून डोमा कमरेला पाट्याचा फुटका दगड बांधायचा, दट्ट्या पोटाशी कवटाळायचा आणि उडी घ्यायचा. खाली भोक पाणी ओढत असतं, पाय लागला तर पायही ओढतं. तिथं दम धरून दट्ट्या सरळ करायचा, टाचेनं ठोकायचा, दगड सोडायचा आणि वर यायचं. पावसाळा सरता सरता धान पोटरीला येतो तेव्हापासून शेवटच्या कापणीपर्यंत असं दहा-बारा वेळा.

त्या दहा-बारा वेळा त्याची बायको आशाबाई पाळीवर यायची. खांद्यावर कोरडं धोतर, हातात काटक्या. ती लहानशी शेकोटी पेटवायची आणि तिच्यापाशी बसून राहायची. पाण्याकडे तिला बघताना मी कधी पाहिलं नाही. डोमा वर आला की लोक ओरडायचे, मग ती धोतर झटकून उभी राहायची.

१९५६ च्या सप्टेंबरात डोमा वर आला तो हेलपाटतच. कानातून रक्त येत होतं. आपण कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहोत हेही त्याला समजेना. बापूजी भला माणूस, पण भल्या माणसांना सगळ्यांसमोर निकाल द्यायची घाई असते. ते म्हणाले, “डोमा, हे तुयं शेवटचं वरीस. पुढच्या साली शिंदेवाहीकडून दुसरा पानकर आनू.”

डोमानं फक्त मान हलवली. चाळीस वर्षं तो माणूस गावाचं पाणी राखत होता. तलाव त्याच्याकडून काढून घेतला तर मागे उरतं काय, हे त्याच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं. मला ते बघवेना, मी दुसरीकडे पाहिलं. केवळराम मात्र पुढे झाला.

“बापूजी, पानकर बदलू नोका. मी दट्ट्या बदलून देतो. आपल्या पायानं खाली जाईन असा.”

सगळी पाळ हसली. लाकूड कधी बुडतं का?

केवळरामच्या घरी बुडणारं लाकूड होतं. दोन वर्षांपूर्वी तो चांद्याकडे एका बंद पडलेल्या कोळसा खाणीवर जुन्या चौकटी उतरवायच्या कामाला गेला होता. तिथल्या पंपघरात एक म्हातारा मद्रासी फिटर होता. त्याच्याजवळ हातभर लांब, मांडीएवढा जाड असा एक ठोकळा पडून होता. फिटरनं सांगितलं, हे सात समुद्रापलीकडच्या बेटांवरचं झाड, नाव लिग्नम. पाण्याखाली फिरणाऱ्या दांड्याला हे लाकूड बसवतात, मोठ्या आगबोटींच्या पंख्यालासुद्धा. याच्या अंगातच तेल असतं, म्हणून वंगण घालावं लागत नाही, आणि लोखंड झिजतं तिथं हे टिकतं. केवळरामनं सवयीनं चाटून पाहिलं. चार दिवस त्यानं त्या फिटरची पाठ सोडली नाही. शेवटी कंटाळून त्यानं तो ठोकळा देऊन टाकला. केवळराम तो कधी या खांद्यावर, कधी त्या खांद्यावर करत घरी घेऊन आला.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे तो तलावात टाकून पाहिला. तो गेला तो गेलाच. डोमाला बुडी मारून काढावा लागला. वर येऊन तो म्हणाला, “हे लाकूड होय का गोटा?” केवळरामनं त्याला नाव दिलं विलायती धावडा, कारण आपल्या रानात सगळ्यांत चिवट तो धावडाच. पण एवढ्या नवलाच्या वस्तूचं करायचं काय, ते त्याला सुचेना. गोकुळाला लगेच सुचलं. तिनं त्यावर पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, ठेवायला सुरुवात केली.

आता दोन वर्षांनी गुंड खाली उतरले आणि ठोकळा अंगणात आला. पुढचे अकरा दिवस मी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचो. असं काम मी पुन्हा पाहिलं नाही. तासायचा वाकस मारला तर तो उडून परत यायचा. करवतीचे दात दुसऱ्या दिवशी गेले. रंध्यानं एका बाजूनं गुळगुळीत होतंय म्हणावं तर बोटभर पुढे रेषा उलट्या फिरायच्या आणि पातं अडकायचं. त्या लाकडाचे तंतू एक थर उजवीकडे तर एक थर डावीकडे असे विणल्यासारखे होते. शेवटी केवळरामनं तो कातायच्या चरकावर चढवला, कानशीतून घडवलेलं पातं घेतलं आणि कापायचं सोडून खरवडायला लागला. तेव्हा कुठे ते ऐकायला लागलं. त्याचा भुसा उडत नव्हता. ओलसर, तेलकट, हिरवट, बोटांना चिकटणारा. अंगणभर एक गोडसर वास पसरला. तो वास इतका चांगला होता की बापूजीसुद्धा काही ना काही निमित्त काढून दोनदा येऊन गेले.

दट्ट्याचा आकार असा. वर रुंद डोकं, डोक्याला खांदा, म्हणजे तो भोकातून खाली निसटू नये, आणि खाली भोकात बसणारा गोल दांडा. दांड्याचं माप घेताना केवळराम एक तांदूळ घेऊन बसला. भोकाच्या मापाचं लोखंडी कडं त्यानं दांड्यावर चढवलं आणि दोहोंमध्ये लुचई तांदळाचा एक दाणा सरकवून पाहिला. दाणा अलगद फिरला तेव्हा त्याचं समाधान झालं.

मी विचारलं, “ढिला नाही का राहणार?”

“राह्यलाच पायजे. माह्या बापानं सांगतलं हाये, दट्ट्या तांदूळभर ढिला. लाकूड पानी पेते, फुगते, भोक घट्ट धरते. आधीच घट्ट केला त फुगून दगडच फोडन.”

गोकुळा धान कांडत होती. मुसळ हातात धरून ती म्हणाली, “दोन वरसं मी त्याच्यावर गुंड ठेवले. कधी ओलं नाई झालं ते. पुसलं का कोरडं. पानीच पेत नाई.”

“म्हनून त सडनार नाई,” केवळराम खूष होऊन म्हणाला. मीही मान डोलावली. मी शिकलेला माणूस, वर्गात पदार्थविज्ञानाचे धडे देणारा, आणि मी मान डोलावली. हे लिहिताना आजही मला स्वतःचाच राग येतो.

नोव्हेंबर लागला. आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, शाळेला नवीन शिक्का आला, आणि त्याच आठवड्यात दट्ट्या बसवायचा दिवस ठरला. केवळरामनं तुडमाच्या बरोबर वर दोन बल्ल्यांचं मचाण बांधलं होतं. ओळंबा सोडतात तसा त्यानं दोराला बांधलेला दट्ट्या मचाणावरून खाली सोडला. तो सरळ खाली गेला, दोर एकदा थरथरला आणि सैल पडला. पाटाचं पाणी बघता बघता उतरलं. उरलेली धार दट्ट्या फुगला की थांबेल म्हणून लोकांनी नारळ फोडला. डोमाला मात्र राहवेना. चाळीस वर्षांची सवय. त्यानं सदरा काढला आणि नुसतं बघायला म्हणून बुडी मारली. वर आला तो हसतच. “सुताराच्या पोरीवानी बसला हाये, खांदे झाकून,” म्हणाला. आशाबाईनं धोतर झटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाला पाणी होतं.

भरपूर नव्हे, पण रात्रभर वाहत होतं. खालच्या बांध्यांत हलका धान कापून पसरलेला होता, त्याचे कडपे पाण्यात बसले. बायका ओल्या पेंढ्या उचलून धुऱ्यावर मांडत होत्या आणि सुताराचा उद्धार करत होत्या. वरून तलाव दोन बोटं उतरला. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाला अजून दोन पाणी द्यायची होती आणि ते पाणी असं चाललं होतं. पाळीवर सगळे जमले. बापूजी केवळरामकडे न बघता म्हणाले, “जुना दट्ट्या आना.”

नवा दट्ट्या दोरानं उपसला. भोक उघडं पडलं, पाणी जोरात ओढायला लागलं. जुना तरंगणारा दट्ट्या बसवायला डोमाशिवाय कोणी नव्हतं. त्यानं मुकाट्यानं कमरेला दगड बांधला, दट्ट्या पोटाशी धरला आणि उडी घेतली.

तो लवकर आला नाही. मी मनात आकडे मोजत होतो, शंभरावर थांबलो. बुडबुडे आले, मग तेही थांबले. एवढ्यात पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पाहतो तर केवळराम पाण्यात शिरलेला. त्याला पोहता येत नव्हतं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. गळ्यापर्यंत गेला आणि हात वर करून तसाच पुढे सरकायला लागला. दोघांनी उड्या टाकून त्याला धरलं. त्याच वेळी चार हातांवर डोमाचं डोकं वर आलं. दोन्ही कानांतून रक्त, पण खाली दट्ट्या बसला होता. काठाला लागल्यावर बराच वेळ तो खोकत राहिला. मग केवळरामकडे बघून म्हणाला, “तू काऊन आला बे? तुले काढाले मले पुन्हा बुडी माराव लागली असती.”

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. पण आशाबाई हसली नाही. ती शेकोटीजवळून उठली आणि केवळरामसमोर येऊन उभी राहिली. अडीच वर्षांत मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो.

“केवळरामभाऊ, एक त याइचं पान्यात जानं बंद करा. नाईतर होत नाई म्हनून सांगून द्या. पन मले असं मधात नोका ठेवू.”

केवळरामनं खाली मान घातली. दट्ट्या खांद्यावर घेऊन तो घरी गेला.

पुढचे तीन दिवस त्याच्या अंगणातून ठोकठोक ऐकू आली नाही. गावानं मात्र तोंडाला कुलूप लावलं नव्हतं. केवळराम दिसला की कोणी ना कोणी तांदळाचा दाणा चिमटीत धरून दाखवायचा. चौथ्या दिवशी मी गेलो. तो ओट्यावर बसला होता, दट्ट्या पायाशी पडलेला. मी विचारलं, चूक कुठे झाली? तो म्हणाला, कळत नाही. माप बरोबर होतं. बापाच्या रीतीनं केलं होतं.

गोकुळा गुंड घेऊन विहिरीवर निघाली होती. ती उंबऱ्यात थांबली. “मी त सांगतलं होतं. जे पानीच पेत नाई, ते फुगन कसं?”

केवळरामनं तिच्याकडे पाहिलं. मग दट्ट्याकडे. मग कानावरची अर्धी विडी काढून त्यानं पेटवली, आणि एवढंच म्हणाला, “तांदूळभर ढिला केला अन् तो तांदूळभर ढिलाच राह्यला.”

“मग तांदूळ न सोडता घट्ट करा ना,” मी म्हणालो. मला वाटलं झालं काम.

“कसा? कापलेलं लाकूड वाढवता येते का, गुरुजी? अन् घट्ट केला तरी दगडाचं भोक का चरकावर कातलेलं हाये? त्याच्यात खड्डे हायेत. ते भराले फुगनारंच लाकूड पायजे. पन फुगनारं तरंगते, अन् बुडनारं फुगत नाई.” विडी संपवून तो उठला आणि म्हणाला, “दोघाइले एका ठिकानी नांदवाव लागन.”

त्यानं विलायती दट्ट्याचा खालचा दांडा कापून टाकला. डोकं आणि खांदा तेवढा ठेवला, वजनासाठी. खालचा दांडा आपल्या रानातल्या येनाचा, म्हणजे ऐनाचा, करायचा ठरवला, फुगण्यासाठी. पण जोडायचं कसं? सरस लावून पाहिला, तेलकट अंगावरून तो सकाळी पापडासारखा सुटून आला. खिळा ठोकला, खिळा वाकला. मी लोखंडी पट्टी सुचवली, तर त्यानं माझ्याकडे मोवईकडे बघतात तसं पाहिलं. त्यानं डोक्याला आरपार भोक पाडलं. सामत्यानं, म्हणजे दोरीनं फिरवायच्या गिरमिटानं, ते पाडायला दोन दिवस लागले, धूर निघायचा. आतल्या बाजूला भोक थोडं पसरट ठेवलं. येनाचा दांडा चुलीच्या वर टांगून खडखडीत वाळवला आणि त्याचा वरचा भाग त्या भोकात कोरडाच ठोकून बसवला. सरस नाही, खिळा नाही. मग अख्खा दट्ट्या पाण्यानं भरलेल्या नांदीत बुडवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला बोलावलं. “ओढा, गुरुजी.” मी एका टोकाला आणि तो एका टोकाला, दोघांनी पाय टेकवून ओढलं. जोड केसभर हलला नाही. आत येन पाणी पिऊन फुगलं होतं आणि विलायती धावड्यानं एक रेघही जागा दिली नव्हती. जी खोड परवा नडली होती, तिनंच आज जोड धरला होता. केवळराम इतका खूष झाला की त्यानं गोकुळाला हाक मारून सांगितलं, “तू तेंदू नाई, तू बीजा हायेस.” तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिनं विचारलं, माझ्या गुंडांना आता ठेवायला काय?

दांडा पुन्हा वाळवला, पुन्हा तांदळाचा दाणा फिरवला आणि तो बापूजींकडे गेला. बापूजी ऐकेनात. लोकांचे कडपे भिजले, आता पुन्हा नाही. तेव्हा डोमा उठला. पंचांच्या बैठकीत तो कधी बोलत नसे.

“बापूजी, खाली मी जातो. जीव माहा हाये. बसू द्या त्याले. नाई जमलं त जुना दट्ट्या हायेच, अन् मी बी हाओ.”

भारी धानाला पाणी दिलं गेलं, आणि ते बंद करायच्या सकाळी सगळं गाव पुन्हा पाळीवर आलं. या वेळी नारळ कोणी आणला नव्हता. आशाबाई नेहमीच्या जागी बसली, खांद्यावर धोतर, समोर शेकोटी. डोमानं सदरा काढून ठेवला, जुना दट्ट्या आणि पाट्याचा दगड जवळ घेतला. केवळरामनं मचाणावरून दोर सोडला. दट्ट्या गेला, दोर थरथरला, सैल पडला. पाटाचं पाणी उतरलं, पण थांबलं नाही. मनगटाएवढी धार वाहतच राहिली.

लोक कुजबुजायला लागले. केवळराम म्हणाला, “थांबा. आता कुठी पेवून राह्यला तो,” आणि मचाणावरून उतरून पाळीच्या पलीकडे गेला. तिथं जमिनीजवळ पाणी पाटात सोडणाऱ्या मोरीचं तोंड होतं. त्याला धीर निघेना. तो सरळ पाटातल्या चिखलात पालथा झाला आणि त्यानं धारेखाली हात धरला. तसाच पडून राहिला. आम्ही पाळीवरून बघत होतो. कोणी भाकर खाऊन आलं, कोणी बैलाला पाणी दाखवून आलं. मला शाळा उघडायची होती, मी उघडली नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा धार बोटाएवढी होती. बापूजींनी डोमाकडे पाहिलं. डोमानं दगडाला हात लावला, पण उचलला नाही. दुपार कलताना धारेचा दोरा झाला. मग तो दोरा तुटला आणि थेंब पडायला लागले. केवळराम खालून ओरडून मोजत होता, सात, आठ. मग बराच वेळ काही बोललाच नाही. नंतर त्यानं हात वर केला. तळहात कोरडा नव्हता, पण त्यात नवीन थेंब पडत नव्हता.

डोमा उभा राहिला. अंगावर एक थेंब नाही, केस वाळलेले, हातात काही काम नाही. तो नुसता पाण्याकडे बघत राहिला. मग त्यानं पाट्याचा दगड उचलला आणि तलावात दूर भिरकावून दिला. मला वाटतं तो रडत होता. माझं सांगायचं तर मी रडत होतो.

तेवढ्यात केवळराम पाळ चढून वर आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, दात वाजत होते, कानावरची पेन्सिल गेलेली आणि विडीचा लगदा झालेला. आशाबाई शेकोटीजवळून उठली. खांद्यावरचं कोरडं धोतर तिनं डोमाकडे नेलं नाही. ती केवळरामकडे आली, धोतर झटकलं आणि त्याच्या अंगावर टाकलं.

“बसा भाऊ, आगोटीपाशी बसा,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं पहिल्यांदा वळून तलावाकडे पाहिलं.